अडीच युगांचा करार

जग तयार झालं तर संस्कृतीला मिळणार होती एक खोली. नवी नव्हे, आहे तीच. केजच्या बाजारात वडिलांचं भांड्यांचं दुकान, त्याच्यावरची पत्र्याची खोली. चैत्रात आत बसलं की माणसाची भाकरी व्हायची बाकी राहते. म्हणजे नीट बघितलं तर पोरीला नवं काहीच मिळणार नव्हतं, हातातलं जाणार नव्हतं एवढंच. पण हातातलं जाऊ नये म्हणून माणूस जेवढा जीव काढतो, तेवढा नवं मिळावं म्हणून काढत नाही. त्यातून संस्कृती ही अर्जुनरावांची लेक. गिऱ्हाईक पायरी उतरताना दिसलं की दुसरी कढई कधी पुढं करायची, हे तिला शाळेत जायच्या आधीपासून कळत होतं.

अर्जुनरावांचं म्हणणं सरळ होतं. अक्षय तृतीयेपासून खोली शेजारच्या खतवाल्याला पोती ठेवायला द्यायची. संस्कृती म्हणाली, पुण्याची काही मंडळी खेळ छापतात, त्यांना माझं जग हवंय.

"जग?" अर्जुनराव म्हणाले. "कुणाचं?"

"माझं. मी केलेलं."

"बरं. त्यांचा होकार अक्षय तृतीयेच्या आत आण. खोली तुझी. न्हाई आला तर युरिया."

खेळ असा, की चारपाच जण एका टेबलाभोवती बसतात. एकजण जग सांगतो, बाकीचे त्या जगातली माणसं होतात, आणि अडलं की वीस तोंडांचा फासा टाकतात. जिंकणं-हरणं नसतं. अर्जुनरावांनी एकदा जिन्यात उभं राहून तासभर ऐकलं आणि खाली येऊन बायकोला सांगितलं, "कीर्तनच हाय, फकस्त ऐकणारे मधीच बोलतेत." यापेक्षा चांगली व्याख्या संस्कृतीलाही पुढं कधी सुचली नाही.

पुण्याच्या मंडळींची अट एकच होती. घरबसल्या जग लिहून पाठवणारे पुष्कळ झालेत; आम्हाला खेळून बघितलेलं जग हवं. ज्यांनी पहिल्या दिवशी सुरुवात केली, तेच सगळे शेवटच्या बैठकीला आम्हाला कॅमेऱ्यावर दिसले पाहिजेत.

सगळे म्हणजे संस्कृती धरून चौघं. करिष्मा अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात नर्स, बाळंतिणींच्या वॉर्डात. रविवारची सुट्टी जुळवून यायची. अमरसिंह आणि युवराज एकाच गावचे, केजहून जीपनं अर्ध्या तासावरचे. अमरसिंहच्या वडिलांना सगळं गाव आबा म्हणायचं. सरपंचपद आरक्षणात गेलं म्हणून आबा उपसरपंच झाले होते, पण ग्रामपंचायतीच्या कुलपाची किल्ली त्यांच्याच खिशात असायची. युवराजचे आईवडील दसरा झाला की ऊसतोडीला जाणारे. युवराज बी.ए. झालेला, आणि सीझनला कारखान्याचा ट्रॅक्टर चालवायचा.

दोघं एका जीपमधून यायचे, एका प्लेटमधली भजी खायचे. अमरसिंह पैसे द्यायचा आणि युवराज शेवटचं भजं घ्यायचा. हिशेब बरोबर बसलेला होता.

पहिल्याच बैठकीत संस्कृतीनं सांगितलं, की आपल्या जगात एकच पुराण नको. प्रत्येकानं आपापला देव आणायचा आणि जग कसं झालं ते सांगायचं, मग आपण सगळं एकत्र कालवू. तिचा स्वतःचा देव तयारच होता. कॉलेजात असताना परदेशांतली उत्पत्तीची पुराणं वाचून वाचून तिनं तो चार वर्षं घडवला होता. त्याचं नाव अनाम. तो बोलत नाही, दिसत नाही, काही करत नाही. त्यानं एकदा श्वास सोडला आणि पोकळी झाली. भिंतीवरच्या मोठ्या कागदावर तिनं त्याला सगळ्यात वर काढला होता, खाली बाकीच्यांसाठी जागा सोडून. कार्यक्रमात अध्यक्षांची खुर्ची आधी मांडतात, तशी.

अमरसिंहनं खुंटदेव आणला. सगळीकडे पाणी होतं आणि जमीन त्याच्यावर सुटलेल्या बैलासारखी हुंदडत होती. खुंटदेवानं खुंट ठोकला, जमिनीला दावं लावलं, मग ती स्थिर झाली.

करिष्मानं पाचवी आणली. "जग झालं म्हणजे जन्मलं," ती म्हणाली. "मग पाचव्या दिवशी त्याच्या कपाळावर कुणीतरी लिहिलं पाहिजे की. माझी देवी नुसती ते लिहून जाते. काय लिहिलं ते सांगत नाही, तिला दुसरी बाळं असतात."

युवराज शेवटी बोलला. त्याच्या देवीचं नाव मोळीआई. आधी अंधार होता, तो पोकळ नव्हता, उभा होता, उसासारखा दाट. आत शिरलं तर अंग कापायचं. मोळीआईनं कोयता घेतला आणि अंधार तोडला, मोळ्या बांधल्या. जेवढं रान मोकळं झालं तेवढा उजेड. "पण तोडलेला ऊस फुटतोच," युवराज म्हणाला. "खोडवा येतो. तसा अंधाराला बी खोडवा येतो. म्हणून तिला परत परत यावं लागतं. एकदा तोडून भागत न्हाई."

संस्कृतीला वाटलं, आपला अनाम भिंतीवर जरा अवघडून बसलाय.

मग व्हायचं ते झालं. पहिला कोण?

"खुंट आधी," अमरसिंह म्हणाला. "जमीन पळत असंल तर तुझी आई हुभी कुठं राहनार?"

"आन् अंधार तोडल्याबिगर खुंट ठोकायला जागा दिसली कशी बे तुझ्या देवाला? चाचपडत ठोकला का?"

"लई शाना हायस."

"तुझ्या देवापरीस."

इथं संस्कृतीनं तोडगा काढला. तो तिनं कुठल्या पुस्तकातून काढला नाही. भोवतालच्या गावांत जो चालतो तोच काढला. जगाची पाच युगं. पहिली अडीच युगं खुंटदेव मुख्य, पुढची अडीच मोळीआई. गावात उपसरपंचपदाचे दोन दावेदार झाले की पाच वर्षांची वाटणी करतात, अगदी तशी. दोघं लगेच कबूल झाले. आपल्याकडं या तोडग्याला कुणी नाही म्हणत नाही, कारण पहिल्याला सत्ता मिळते आणि दुसऱ्याला आशा.

करिष्मानं तेवढं विचारलं, "खुंटदेवाचा राजीनामा आत्ताच लिहून घेतेस ना? तारीख मोकळी सोडून?"

"अगं, देव आहेत ते."

"म्हणूनच म्हणतेय," करिष्मा म्हणाली, आणि चहाचे कप गोळा करायला उठली.

दसरा झाला, युवराज ट्रॅक्टर घेऊन कारखान्याकडं गेला. जाताना सांगून गेला, की मोळीआई जगाच्या पलीकडच्या बाजूचा अंधार तोडायला गेलीय. इकडचा तोडून गेलीय, खोडवा यायला वेळ आहे. बाकी तिघं खेळत राहिले. खुंटदेवाचा कारभार जोरात होता. खेळात अमरसिंह खुंटदेवाचा पाटील व्हायचा, करिष्मा सुइणींच्या एका वस्तीची म्होरकी. अमरसिंह मूळचा आळशी नव्हे. त्यानं रस्ते काढले, नद्यांना बांध घातले, बाजार बसवले, आणि प्रत्येक बाजाराच्या तोंडाशी खुंटदेवाचं देऊळ बांधलं. देवळावर देणगीदार म्हणून खुंटदेवाचंच नाव. संस्कृतीला ते विनोदी वाटलं. तिनं तो भाग खुशीनं लिहूनही घेतला.

होळीच्या आसपास युवराज परत आला, काळा पडलेला, हात चरबरीत झालेले. पहिल्या रविवारी चौघं बसले. अडीच युगं भरली होती.

"आता मोळीआईची पाळी," संस्कृती म्हणाली.

अमरसिंहनं फासा तळहातावर खेळवला. "पाळी हाय. पर खुंटदेव उठतो असं कुठं म्हनला?"

"ठरलं होतं."

"ठरलं व्हतं तवा मोळीआई जाग्यावर व्हती. इतके दिवस कुठं गेलती ती? रस्ते कुनी केले? पूर आला तवा दावं कुनी धरलं? जो जाग्यावर असतो, त्याचं जग असतं."

अमरसिंह हसत बोलला होता. युवराज हसला नाही. त्यानं आपला फासा उचलला, पुसला, डबीत ठेवला, डबीचं झाकण लावलं.

"हे वाक्य तुझं न्हाई," तो म्हणाला. "तुझ्या आबाचं हाय. माझ्या आईला फोनवर ऐकवलं त्यांनी. शब्दानं शब्द हेच."

मग तो जिना उतरून गेला. खाली अर्जुनरावांनी "चहा घेऊन जा की" म्हटलेलं वरपर्यंत ऐकू आलं.

गोष्ट अशी होती, की युवराजची आई रुक्मिणीबाई ग्रामपंचायतीवर सदस्य म्हणून निवडून आली होती. आबांशी उपसरपंचपदाची वाटणी ठरली होती, अर्धा काळ ते, अर्धा काळ रुक्मिणीबाई. पाळी आली ऐन सीझनात, बाई उसाच्या फडात. आबांनी सभेत सांगितलं, की बाई तर जाग्यावर नाहीत, गाव कुणाच्या भरवशावर सोडू? रुक्मिणीबाई दुसऱ्यांच्या रानात कोयता घेऊन उभ्या होत्या, एका हातात फोन. अमरसिंहला हे माहीत होतं. पण माहीत असणं आणि लक्षात असणं यांत अंतर असतं, आणि ते अंतर ज्याचं काही जात नाही त्याला दिसत नाही.

त्या संध्याकाळी संस्कृतीच्या मनात पहिला विचार आला तो भला नव्हता. करिष्माचा मावसभाऊ सुग्रीव दिसायला साधारण युवराजसारखाच होता. कॅमेऱ्यासमोर तासभर बसायचं, फासा टाकायचा. पुण्यात कोण ओळखतंय?

"बदलीवर माणूस?" करिष्मा फोनवर म्हणाली. "आमच्या वॉर्डात चालतं. तुझ्या जगात चालतंय का, ते तू बघ."

संस्कृतीनं बघितलं, आणि सुग्रीवला फोन लावला नाही. यात मोठेपणा थोडा आणि भीती जास्त होती. युवराजऐवजी त्याला मोळीआईचं बोलायला लावलं असतं, तर सुग्रीवनं तिला दुसऱ्याच वाक्याला आरती म्हणायला लावली असती.

पुढच्या रविवारी तिघंच बसले. संस्कृतीनं अमरसिंहला शिक्षा केली नाही, रागावली नाही. तिनं फक्त नियम चालवला.

"संध्याकाळ झाली," ती म्हणाली. "रात्र झाली. काय करतोस?"

"झोपतो. सकाळी बाजार भरवतो."

"सकाळ होत नाही."

"कावून?"

"अंधाराला खोडवा फुटलाय. तोडणारी आलेली नाही."

अमरसिंहनं फासा टाकला. वीस पडले, याहून मोठं दान नाही. संस्कृती म्हणाली, शाब्बास, तुला अंधारात तुझं देऊळ सापडलं. त्यानं मशाली पेटवल्या. मशालीच्या उजेडात त्याला दिसलं की अंधार गुडघाभर उभा आहे. त्यानं खुंटदेवाला साकडं घातलं. खुंटदेव म्हणाला, जमीन घट्ट आहे, हलत नाही, आणखी काय पाहिजे? करिष्माची वस्ती अंधारात गाणी म्हणत बसली. तिच्या बायकांना रात्रपाळीची सवय होती.

असे दोन रविवार गेले. दुसऱ्या रविवारी अमरसिंहनं भजी मागवली आणि खाल्ली नाहीत. शेवटचं भजं कुणी घेईना. तेल कागदात उतरत राहिलं.

"बोलव त्याला," तो म्हणाला.

"मी का? तू त्याच्या गावचा," संस्कृती म्हणाली.

"माझ्या तोंडावर तो दार लावील."

"लावू दे की. दार तरी दिसेल."

पण अक्षय तृतीया जवळ आली होती आणि खोली संस्कृतीची जायची होती, म्हणून जीपमध्ये तीच बसली. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, पण जीपचं भाडं तोच देतो हे खरं.

युवराज घरासमोर ट्रॅक्टरचं चाक खोलून बसला होता. रुक्मिणीबाईंनी पाणी आणून दिलं आणि ही पोरगी कशाला आलीय ते नीट ऐकून घेतलं. देवांमध्ये अडीच-अडीच वाटणी केली होती म्हटल्यावर त्या तोंडाला पदर लावून हसल्या.

"बया! देवाला बी फसवलं का?"

"आई, तू जा आत," युवराज म्हणाला.

"जाते की. इच्यारून जाते. व्हय गं, तिथं उपसरपंचाला पगार किती हाय?"

"काहीच नाही, मावशी."

"मग हितल्यासारखंच हाय," असं म्हणून त्या शेळी बांधायला गेल्या.

संस्कृतीनं तयार करून आणलेला नवा तोडगा मांडला. आता उरलेली अडीच युगं मोळीआईला, वर अर्धं युग भरपाई. युवराजनं पाना खाली ठेवला.

"कावून देतीस ग भरपाई? मला खुर्ची नको. तू एक सांग. भिंतीवर सगळ्यात वर तो तुझा अनाम बसवलायस. त्यानं एकदा श्वास सोडला, पुढं काय केलं?"

"काही नाही. तो तसाच आहे. कल्पनाच ती आहे."

"मग आजवर त्याला कुनी इच्यारलं का, तू कुठं गेलतास म्हनून? मोळीआई सहा महिने कामाला गेली तर गैरहजर. आन् हा जलमात कामाला आला न्हाई, तर सगळ्यात वर."

दुकानदाराच्या मुलीला माप खोटं निघालं की कळतं.

"येशील का?" तिनं विचारलं.

"मी येईन. मोळीआईचं सांगू शकत न्हाई. तोडणारीला बोलवायचं म्हनजे उचल द्यावी लागती. पैसे आधी द्यायचे, मग गाडी भरती. तुझ्या देवांना इच्यार, उचल काय देता."

पुढच्या रविवारी चौघं शेवटच्या बैठकीला बसले. पुण्याच्या मंडळींकडून एक बाई कॅमेऱ्यावर होत्या, चष्मा लावून, मधेमधे काही टिपत. खेळात अजून रात्रच होती. अंधार आता छातीपर्यंत आला होता. संस्कृतीनं सांगितलं, की मोळीआई शिवेवर येऊन उभी आहे, कोयता खांद्यावर. आत यायला उचल मागतेय.

करिष्मा आधी बोलली. पाचवी जगाच्या कपाळावर काय लिहिलंय ते कधी सांगत नाही. आज पहिली ओळ सांगेल. "लिहिलंय, की हे जग रोज पुन्हा करावं लागेल. एवढीच उचल आहे माझ्याकडं."

अमरसिंहची पाळी आली. त्यानं बराच वेळ फासा फिरवला आणि टाकला नाही.

"खुंटदेव खुंट उपटतो," तो म्हणाला.

"मग जमीन सुटंल की बे," युवराज म्हणाला. त्या दिवसानंतरचं हे त्यानं अमरसिंहला दिलेलं पहिलं वाक्य.

"सुटू दे. दावं मोळीआईच्या हातात देतो. मोळी बांधायला दोरी लागतीच की तिला. एक टोक तिच्या मोळीला, एक खुंटदेवाच्या हातात. ती जाईल तिकडं जमीन वाईच सरकंल, ती आली की परत येईल."

"म्हनजे ऋतू," युवराज म्हणाला.

"तसं काय तरी."

संस्कृती उठली आणि कॅमेऱ्यात न येणाऱ्या भिंतीकडं गेली. तिनं भिंतीवरच्या कागदावरून अनामला काढला. खोडला नाही, कात्रीनं कापून काढला, आणि तो तुकडा युवराजच्या समोर ठेवला. वरची जागा मोकळी झाली. मागची भिंत दिसायला लागली, चुना गेलेली. "माझी उचल," ती म्हणाली. "आता वर कुणी नाही. पहिला कोण हे या जगात कुणी विचारणार नाही. विचारलं तर आज कामाला कोण आलंय ते सांगायचं."

युवराजनं डबी उघडली, फासा काढला आणि टाकला. सात पडले. सात म्हणजे काही विशेष नाही. पण अंधार तोडायला विशेष लागत नाही, रोज लागतं, आणि नियमात सातावर एक मोळी बसत होती. जगाच्या पूर्वेच्या कोपऱ्यात एका मोळीएवढी सकाळ झाली. अमरसिंहचा पाटील डोळे चोळत देवळाबाहेर आला. समोर कुणाचं शेत आहे ते त्याला आठवेना. खुंट निघाल्यावर बांध सरकले होते.

पुण्याच्या बाईंनी जग घेतलं. घेताना एवढंच विचारलं, "तुमच्या पहिल्या मसुद्यात एक अनाम होता ना? मला फार आवडला होता. तो कुठे गेला?"

"त्यानं राजीनामा दिला," संस्कृती म्हणाली.

जिन्यात अमरसिंह चप्पल घालताना हळूच म्हणाला, "आबांना बोललो मी."

"मग?" युवराजनं विचारलं.

"मग काय. दोन दिस माझ्यासंगं जेवले न्हाईत."

"आन् राजीनामा?"

अमरसिंहनं दुसरी चप्पल शोधली. ती समोरच होती. "बघू म्हनले."

युवराजनं मान हलवली. दोघं एकाच जीपनं गेले. मधे एक माणूस बसेल एवढी जागा सोडून, पण एकाच जीपनं. खतवाल्याची पोती दुसरीकडं गेली, आणि खोलीचं ऊन संस्कृतीकडंच राहिलं.

आता कुणी काय भरलं ते बघू. पाचवीनं एक गुपित दिलं. तिच्याकडं पुष्कळ आहेत. खुंटदेवानं खुंट दिला, अमरसिंहनं आबांसोबतची दोन दिवसांची जेवणं. संस्कृतीनं चार वर्षांचा देव दिला आणि तापणारी खोली राखली. अर्जुनरावांचं खोलीचं भाडं बुडालं; ते त्यांनी मुलीच्या नावावर मनातल्या मनात मांडून ठेवलंय. मोळीआईला उचल पोचली, ती कामाला लागली. खेळातलं सगळं असं फिटलं.

गावात पुढच्या दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या गाड्या भरल्या तेव्हा आबा अजून बघतच होते. रुक्मिणीबाई ट्रॅक्टरमध्ये चढल्या, भांड्यांचं बोचकं मांडीवर घेतलं. खुर्चीची हुकलेली अडीच वर्षं त्यांनीच भरली होती, रोख, आणि त्याची उचल त्यांना कुणी दिली नव्हती.